धूर कुठून येतोय? उपग्रहाच्या चित्रांवरून वणव्याच्या धुराचा माग

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. २०२५ च्या उन्हाळ्यातही कॅनडातल्या मॅनिटोबा-सस्कॅचेवानकडच्या वणव्यांचा धूर खाली अमेरिकेत उतरला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी तोच प्रश्न येत होता, "आज पोरांना बाहेर सोडायचं का?" दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमची आणि धुराची पहिली गाठ ७ जून २०२३ ला पडली. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला दमा आहे. सकाळी ऊन जरा पिवळट वाटलं, तेव्हा मी पाऊस येणार असेल असं समजले. दुपारी स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागला. ओट्यावर पडलेला उजेड गेरू कालवल्यासारखा होता, खिडकीतल्या तुळशीची पानंही तपकिरी दिसत होती. दार उघडलं तर होळीच्या दुसऱ्या दिवशी मैदानात येतो तसा विझलेल्या राखेचा वास. शाळेतून काहीच निरोप नव्हता आणि मुलांचा मैदानावरचा तास चालू होता. मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. रात्री दोनदा पंप द्यावा लागला. त्या दिवशी न्यूयॉर्क शहरात हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला होता.

मनाला लागलं ते पुढचं. दोन दिवसांनी मी त्या सकाळची उपग्रहाची चित्रं पाहिली. कॅनडातल्या क्वेबेकमधून निघालेली धुराची एक लांब जीभ न्यूयॉर्क राज्यावरून आमच्याच दिशेने खाली सरकत होती. सिरॅक्युस, बिंगहॅम्टन ही वाटेतली शहरं आधीच तिच्याखाली गेली होती. चित्रं सगळ्यांसाठी खुली होती, फुकट होती, दर काही मिनिटांनी नवी येत होती. मला ती बघता येत नव्हती एवढंच.

ती जीभ आली कशी तेही सांगते, कारण पुढच्या वेळी ते उपयोगी पडतं. १ जूनला क्वेबेकमध्ये विजा पडून एका दिवसात शंभरावर आगी लागल्या. त्याच सुमारास ईशान्येला, नोव्हा स्कॉशियाच्या बाजूला, कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं. आपल्या गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे त्याच्या पश्चिम अंगाला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे, आगीकडून थेट आमच्याकडे. हजारेक किलोमीटरचा प्रवास करून तो धूर आला. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरच्या थोडं वर आहे, त्यावरून अंदाज करा.

आता मी काय करते ते. सकाळी चहा ठेवला की आधी गोज-१९ ची गेल्या तीन तासांची चित्रं एकापाठोपाठ चालवून बघते. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी असल्यासारखा राहतो आणि अमेरिकेचं चित्र दर पाच मिनिटांनी पाठवतो. एकटं स्थिर चित्र बघून फसायला होतं. चित्रं चालवली की ढग आणि धूर वेगळे होतात. ढगाला कड असते, तो फुगतो, विरतो, जमिनीवर सावली टाकतो. धूर दुधात पाणी घातल्यासारखा पसरतो, कड पुसट, रंग करडा-तपकिरी किंवा निळसर. आणि त्याच्याखालून नदी, तलाव अंधुक का होईना पण दिसत राहतात.

वेळही महत्त्वाची. सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी, पातळ धूरही उठून दिसतो. भर दुपारी तोच धूर जवळजवळ नाहीसा होतो. पुष्कळ लोक दुपारचं चित्र बघून "गेला धूर" म्हणतात. तो तिथेच असतो, प्रकाशाचा कोन बदललेला असतो.

मग नासाच्या फर्म्स नकाशावर लाल ठिपके बघते, म्हणजे आग कुठे आहे. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीवरचे सेन्सर. कारण उपग्रहाला दिसतो तो सगळा धूर आपल्या नाकात जात नाही. हे मी चुकून शिकले. २०२३ च्याच उन्हाळ्यात पुढे एकदा चित्रात आमच्यावर दाट तपकिरी पडदा होता, सूर्य कुंकवाच्या टिकलीसारखा लाल. मी मुलाला दिवसभर घरात कोंडलं, त्याच्या मित्राचा वाढदिवस बुडाला. संध्याकाळी सेन्सरचे आकडे बघितले तर जमिनीवरची हवा दिवसभर चांगली होती. धूर कितीतरी वरून चालला होता. उलटही झालंय. चित्रात नुसते पांढरे ढग, मी निर्धास्त, आणि ढगांच्या पोटाखालून धूर घरात.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? कॅनडा, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, भारत, सगळीकडचे लिहा.

---

साधाप्रश्न

माहिती आवडली. पण एक विचारतो, राग मानू नका. मी ठाण्यात असतो. फोनवर एक्यूआय (हवेचा निर्देशांक) दिसतो. तो लाल झाला की खिडक्या बंद. मग उपग्रहाची चित्रं बघत बसायची गरज काय?

---

ओसरी

राग कसला. फोनवरचा आकडा आत्ताचं सांगतो, आणि बऱ्याचदा गेल्या काही तासांची सरासरी सांगतो. चित्रांवरून पुढचे सहा-आठ तास कळतात. मुलाला शाळेत पाठवताना मला दुपारी दोनचं माहीत हवं असतं. शिवाय औषधाचं. दम्याचं रोजचं औषध धूर यायच्या आधी नीट चालू असावं लागतं, धाप लागल्यावर धावपळ करून भागत नाही. हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं.

---

प्रेअरी

कॅलगरीहून. ओसरी, तुमची कुंकवाची टिकली वाचून आमचे ऑगस्ट डोळ्यांसमोर आले.

आमच्याकडे धूर बहुतेक ब्रिटिश कोलंबियातून रॉकी पर्वत ओलांडून येतो. एक गोष्ट भर घालते. पहाटेच्या चित्रांत डोंगरांमधल्या दऱ्या पांढऱ्या-करड्या भरलेल्या दिसतात. नवखा माणूस धुकं समजतो. रात्री थंड हवा दरीत उतरून बसते, तिच्यावर गरम हवेचं झाकण, आणि त्या झाकणाखाली धूर कोंडलेला. ऊन तापलं की अकरा-बाराला झाकण उघडतं, धूर वर उचलला जातो आणि वारा तो घेऊन आमच्या शहरावर आणतो. म्हणून आमच्याकडे सकाळ निवळ आणि दुपार वाईट असं खूपदा होतं. दरीतल्या गावांत नेमकं उलट, तिथे सकाळच वाईट. फिरायला जायची वेळ मी यावरून ठरवते.

चित्रांच्या जोडीला धुराचे अंदाज सांगणारे नकाशे जरूर बघा. कॅनडात फायरस्मोक आहे, अमेरिकेत नोआ या सरकारी हवामानसंस्थेचं एचआरआरआर-स्मोक. उपग्रहाने मोजलेल्या आगीच्या उष्णतेवरून किती धूर निघेल ते धरतात आणि वाऱ्याबरोबर पुढे नेतात. एचआरआरआर-स्मोकमध्ये जमिनीजवळचा धूर आणि पूर्ण उंचीतला धूर असे दोन वेगळे नकाशे मिळतात. तुमचा वाढदिवसाचा प्रसंग टळला असता तो या दोन नकाशांच्या फरकाने. जमिनीजवळचा कोरा आणि दुसरा भरलेला असेल तर धूर वर आहे.

मात्र नवी आग सकाळी भडकली असेल तर त्या दिवशीच्या अंदाजात ती नसते. तेव्हा चालती चित्रंच खरी.

---

छायापट

दूरसंवेदन हाच माझा रोजचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

प्रेअरी आणि ओसरी, दोघींचंही म्हणणं बरोबर. वर-खालीचं सगळ्यात ठळक उदाहरण ९ सप्टेंबर २०२० चं सॅन फ्रान्सिस्को. भर दिवसा आकाश गडद नारिंगी, गाड्यांचे दिवे लागलेले. फोटो जगभर फिरले. पण त्या दिवशी जमिनीवरची हवा आकाशाच्या मानाने बरी होती. समुद्रावरून आलेला थंड, धुक्याचा थर खाली होता आणि धूर त्याच्या वर. पुढच्या दिवसांत धूर खाली उतरला, आकाश नुसतं करडं झालं आणि हवा खरी वाईट तेव्हा झाली. आकाशाच्या रंगावरून हवा ठरवू नये.

आता उपग्रहाला काय दिसतं ते. धुराचे कण अतिशय बारीक, बहुतेक एका मायक्रॉनच्या आतले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीही साधारण तेवढ्याच मापाची, म्हणून हे कण तो विखुरतात आणि आपल्याला धूर दिसतो. पण २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला ते कण लहान पडतात, तो आरपार जातो. म्हणून त्या पट्ट्यात घेतलेल्या चित्रात धूर गायब होतो आणि खालची जळती कड लालभडक दिसते. ढगाचे थेंब आणि बर्फकण मोठे, ते मात्र अडवतातच. शंका आली तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तो धूर.

लाल ठिपक्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे. उपग्रहांवरचं व्हिअर्स हे उपकरण ३७५ मीटरच्या चौकोनात बघतं, मोडिस हे दुसरं उपकरण एक किलोमीटरच्या. ४ मायक्रॉनच्या आसपासच्या पट्ट्यात एखादा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा फार तापलेला दिसला की त्या चौकोनाच्या मधोमध ठिपका पडतो. आत आग एका शेताएवढी असेल किंवा सगळा चौकोन पेटलेला असेल. भट्ट्या, पोलाद कारखाने, जळत्या कोळसा खाणी हेही ठिपके देतात. बारा महिने त्याच जागी ठिपका असेल तर तो वणवा नव्हे.

आणि व्हिअर्स असलेले उपग्रह एका जागेवरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. सकाळी नऊला लागून अकराला विझलेली आग त्यांच्या हिशेबी लागलीच नाही.

ओसरी, रात्रीची एक सूचना. गोजच्या रंगीत चित्रांत रात्री शहरांचे दिवे लुकलुकताना दिसतात, ते त्या रात्रीचे नसतात. आधी तयार केलेलं दिव्यांचं चित्र मागे लावलेलं असतं. तेव्हा "दिवे स्वच्छ दिसताहेत, म्हणजे धूर नाही" असा निष्कर्ष काढू नका. रात्री दृश्य प्रकाश नाही, धूर दिसणार नाही.

---

ओसरी

छायापट, ही दिव्यांची गोष्ट मला आज कळली. मी अगदी हाच निष्कर्ष काढत होते, दोन वर्षं. मनापासून आभार.

मग रात्री काय करायचं?

---

छायापट

रात्री जमिनीवरचे सेन्सर आणि अंदाजांचे नकाशे. दिवसा आणखी एक साधन आहे, सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण. ते अतिनील प्रकाशात धूर बघतं, आणि ढगावर तरंगणारा धूरही त्याला कळतो. ढगाखालचा नाही. ते कार्बन मोनॉक्साइडही मोजतं. हा वायू हवेत आठवडेच्या आठवडे टिकतो, त्यामुळे धूर पातळ होऊन डोळ्यांना दिसेनासा झाला तरी त्याचा माग काढता येतो. २०२३ च्या क्वेबेकच्या धुराचा माग असाच अटलांटिक ओलांडून युरोपपर्यंत लागला.

धुराची उंची मोजायला कॅलिप्सो हा उपग्रह होता, लेझरने हवेचा उभा छेद घेणारा. २००६ पासून सतरा वर्षं काम करून ऑगस्ट २०२३ मध्ये थांबला. मे २०२४ मध्ये अर्थकेअर गेला, तोही लेझरवाला. पण अशा उपग्रहाला खाली दोऱ्यासारखी एक बारीक रेघच दिसते. ती रेघ आपल्या गावावरून जाईलच असं नाही.

---

निलगिरी

सिडनी. २०१९-२० चा उन्हाळा आम्ही विसरणं शक्य नाही. १० डिसेंबरला धूर इतका आत शिरला की ऑफिसच्या इमारतींत आगीचे भोंगे वाजले, बंदरातल्या बोटी बंद झाल्या. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. मुंबईहून आई आली होती. तिने ओल्या पंच्यांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि तासातासाने पंचे पिळून पुन्हा लावत राहिली. पंचा पिळला की पाणी करडं निघायचं.

आमच्याकडे जपानचा हिमावारी-८ दर दहा मिनिटांनी चित्र देत होता (आता हिमावारी-९). नवरा रात्रपाळीवरून येऊन ती चित्रं चालवत बसायचा. तेव्हा एक भयंकर दृश्य पाहिलं. करड्या धुराच्या पट्ट्यातून मध्येच एक पांढराशुभ्र फुगा वर येतो, फुलकोबीसारखा. आग इतकी तापते की स्वतःचा वादळी ढग तयार करते. त्या ढगातून वीज पडून पुढे नव्या आगी लागतात. अशा ढगांनी त्या वेळी धूर थेट स्थितांबरात नेऊन सोडला. तिथे सुमारे हजार किलोमीटर रुंदीचा एक भोवरा तयार होऊन तो पृथ्वीला वळसा घालून आला आणि ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला. ५ जानेवारीला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचं आकाश नारिंगी झालं, मध्ये दोन हजार किलोमीटर समुद्र असून.

आगीत थेट ३३ माणसं गेली. नंतर झालेल्या अभ्यासात धुराने गेलेल्यांचा अंदाज ४१७ आला. आग बातम्यांत दिसते, धूर दिसत नाही. म्हणून ओसरी, हा धागा काढलास ते फार बरं केलंस.

---

कोरडवाहू

लुधियानात शेतीसंशोधनात आहे, मूळ परभणीचा. इकडच्या परालीबद्दल, म्हणजे भाताचा पेंढा शेतातच जाळण्याबद्दल, लिहितो, कारण उपग्रहाच्या वेळेचा मुद्दा छायापट यांनी काढलाच आहे.

भात यंत्राने कापला की वीतभर खुंट आणि पेंढा शेतात राहतो. गव्हाच्या पेरणीला हातात मोजके दिवस. २००९ च्या भूजल कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये ढकलली, पाणी वाचावं म्हणून, आणि हेतू योग्यच होता. पण त्यामुळे कापणीही पुढे गेली, जाळण्याचे दिवस नेमके थंडीच्या तोंडावर, वारा पडलेला असताना आले. माणूस काडी लावतो तो नाइलाजाने, हे मी रोज बघतो.

सरकारी मोजणी व्हिअर्स-मोडिसच्या ठिपक्यांवर चालते, १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. पंजाबात २०२३ मध्ये ३६,६६३ ठिपके, २०२४ मध्ये १०,९०९. कागदावर मोठी घट. पण २०२४ च्या ऑक्टोबरात नासाचे हिरेन जेठवा यांनी कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं दाखवली. तो दर दहा मिनिटांनी बघतो. दुपारी दीडचा फेरा होऊन गेल्यावर धुराचे लोट उठताना त्यात स्पष्ट दिसत होते. म्हणजे काही आगी कमी झाल्या, आणि काही वेळ बदलून मोजणीबाहेर गेल्या. किती कोणत्या, हे नुसत्या ठिपक्यांवरून ठरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ठिपक्यांवर दंड बसवला की ठिपके कमी होतात. पेंढा जमिनीत मिसळायचं यंत्र वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळालं की आगी कमी होतात. आमच्या शेजारच्या गावात दोन यंत्रं आणि पंधरवड्याची रांग. रांगेत विसाव्या नंबरवर असलेल्या माणसाला उपग्रह दाखवून काय सांगायचं?

---

साधाप्रश्न

हे वाचून माझा मूळ प्रश्न मागे घेतो. दोन नवे प्रश्न. मुंबईवर थंडीत जो करडा थर असतो तोही उपग्रहात दिसतो का? आणि माझं आजोळ संगमेश्वरकडे. तिथे मार्च-एप्रिलमध्ये राब भाजतात. त्याचे ठिपके पडतात का?

---

छायापट

मुंबईचा थर दिसतो, पण त्यामागे एकच आग नसते. बांधकामाची धूळ, वाहनं, कारखाने, कचरा, आणि समुद्रावरचा वारा मंदावणं, असं सगळं मिळून. चित्रात किनाऱ्यालगत मळकट पडदा दिसतो. लोटाला जसं एक टोक असतं, जिथून तो निघतो, तसं टोक याला सापडत नाही.

राबाचे ठिपके सहसा नाही पडत. वाफा लहान, वर मातीचा थर, पाला-कवळ धुमसत जळतं, फार तापत नाही. तीच आग हातातून सुटून कातळावरच्या वाळल्या गवतात गेली तर मात्र पडतो ठिपका.

एक सावधगिरी. अमेरिकेचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करू नका. पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांसाठी, मायक्रोग्रॅम बघा. ६० मायक्रोग्रॅमला आपल्याकडे निर्देशांक १०० येतो, अमेरिकेत तोच दीडशेच्या पुढे.

---

प्रेअरी

सेन्सरवरून आठवलं. घरोघरी लावलेले पर्पलएअर कंपनीचे सेन्सर धुरात आकडा फुगवून दाखवतात. अमेरिकी सरकारच्या एअरनाऊच्या आग-धूर नकाशावर तेच सेन्सर दुरुस्त केलेल्या आकड्यांनिशी दिसतात, तिथे बघा.

---

ओसरी

बरोबर. मी एक लहान सेन्सर घरातही ठेवलाय, आणि त्याने मला माझ्याच स्वयंपाकघराबद्दल शिकवलं. धुराच्या दिवशी दारं-खिडक्या बंद, गाळणी लावलेला पंखा चालू, घरातला आकडा ८. मी मोहरी-हिंगाची फोडणी दिली. चार मिनिटांत आकडा १४० आणि खाली यायला तास लागला. आता धुराच्या दिवशी आमच्याकडे कुकर. मुगाची खिचडी, वरून कच्चं तूप. तळण, पोळ्या, उदबत्ती सगळं बंद. साध्या चौकोनी पंख्याला चार बाजूंनी मर्व्ह १३ या बारीक दर्जाच्या गाळण्या चिकटवून पेटी करता येते, महागाच्या यंत्राशिवाय बऱ्यापैकी काम भागतं. कुणाला हवं असेल तर पायऱ्या लिहीन.

---

रानवाट

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. वनखात्याबरोबर आगीच्या हंगामात काम करतो. तुम्ही सगळे सेन्सरबद्दल लिहिता. माझ्या गावापासून सगळ्यात जवळचा हवेचा सेन्सर कुठे आहे ते मला शोधावं लागेल. आमच्याकडे उपग्रह हेच साधन.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून ठिपक्याचा एसएमएस थेट बीटच्या, म्हणजे त्या हद्दीच्या, वनरक्षकाला येतो. कोणीही नोंदणी केली तर त्यालाही येतो, पैसे लागत नाहीत. संदेश आला की फायर वॉचर ब्लोअर घेऊन निघतात. पण दुपारी दीडला टिपलेली आग आम्हाला कळेपर्यंत बहुतेक वेळा संध्याकाळ होते, आणि डोंगरावर पोचेपर्यंत अंधार. ब्लोअर पाठीवर, तोंडाला रुमाल, पाला उडवत उडवत जाळरेषा काढत जायचं. धूर तिथे कुठल्या नकाशात नसतो, सरळ छातीत असतो. आमच्यातल्या वयस्क गड्यांचा खोकला पावसाळ्यापर्यंत जात नाही.

आगी लागतात त्यात मोहाचा वाटा मोठा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. पाल्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळून जागा स्वच्छ करतात. वर्षाच्या कमाईचा तो मोठा भाग असतो, तेव्हा त्यांना दोष देऊन चालत नाही. पुढे तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही जाळतात.

छायापट साहेब, एक मदत पाहिजे. ठिपका गेल्यावर किती जंगल जळलं आणि आग कुठून सुरू झाली, हे घरबसल्या बघता येईल काय?

---

छायापट

साहेब नको हो. येईल. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं कोपर्निकस या युरोपच्या कार्यक्रमाच्या ब्राउझरवर खुली आहेत, साधारण पाच दिवसांनी एक, १० ते २० मीटरपर्यंत बारकावा. अवरक्त पट्टे लावलेलं रंगचित्र निवडा, ताजं जळलेलं रान त्यात गर्द तपकिरी-काळं दिसतं आणि हिरवं रान उठून हिरवं. आधीची तारीख आणि नंतरची तारीख शेजारी लावा. काळ्या डागाचं निमुळतं टोक शोधा आणि त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा बघा. वारा ज्या बाजूने आला तिकडचं टोक बहुधा सुरुवातीचं. पानगळीच्या रानात गळलेला पाला आणि सावली फसवते, म्हणून प्रत्यक्ष जाऊन ताडून बघा.

---

रानवाट

धागा वर काढतोय. मार्च चालू आहे, मोह गळायला लागलाय.

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या बीटमध्ये दुपारचा ठिपका आला. आग रात्री दहाला आटोक्यात आली. तीन दिवसांनी सेंटिनेलचं चित्र मिळालं. सांगितलं तसं दोन तारखा शेजारी लावल्या. नाल्याच्या अलीकडे काळा डाग, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता. त्या दुपारी वारा पश्चिमेचा होता आणि टोक पश्चिमेलाच होतं.

रविवारी वनरक्षक आणि मी चालत गेलो. टोकाशी दोन जुने मोह. दोन्हींच्या बुंध्याभोवती झाडून-जाळून केलेली स्वच्छ गोल जागा, आणि त्यातल्या एका गोलातून सुटलेली राखेची पट्टी पुढे रुंद होत गेलेली. ओसरीताईंनी लिहिलेली जीभ, पण जमिनीवरची. पट्टीच्या कडेला सागाची रोपं उभ्या-उभ्या वाळलेली.

झाडं कोणाची ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आजीबाई आहेत, एकट्याच वेचतात. चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "माया झाडापासून एवढं गेलं काय?" गुन्हा नोंदवायचा नाही असं वनरक्षकाने आधीच ठरवलं होतं.

या शनिवारी त्या दोन झाडांखाली हिरवी जाळी बांधायची आहे, फुलं वरच्या वर अडकतील आणि पाला जाळावा लागणार नाही. जाळी आली आहे, बांबू आज तोडले. सेंटिनेलचा पुढचा फेरा बुधवारी आहे, चित्र आलं की इथे टाकतो.